भाच्याची प्लेअर असेसमेंट करून घेतली: साडेआठ हजार कुठं वसूल झाले अन् कुठं नाही

पहिल्या रिपोर्टनंतर लगेच रिव्ह्यू लिहायला बसलो असतो तर पाचपैकी दोन स्टार दिले असते, अन् तेही रागात. आता आठ महिन्यांनी दुसरी टेस्ट झाली, दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून पाहिले, म्हणून साडेतीन देऊन राहिलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण कोणाचं पोरगं नुकतंच प्रो लेव्हलला पोचलं असेल अन् पुढं त्याच्यात किती दम आहे हे पैसे देऊन कोणाकडून पाहून घ्यायचं चाललं असेल, तर त्याच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

भाचा २० वर्षांचा आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, बास्केटबॉल तो माझ्याच जवळ शिकला, शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर, तिथं एका बाजूची रिंग बरी आहे अन् दुसरी पोट्टे लोंबकळून लोंबकळून वाकली. मी स्वतः अमरावती विद्यापीठाकडून खेळलेलो आहे, आता शेती करतो अन् संध्याकाळी पोरं खेळवतो. मागच्या वर्षी एका प्रो टीमनं त्याला एका सीझनसाठी घेतलं, घरात पेढे वाटले, पण सगळा सीझन मिळून तो पन्नास मिनिटंही कोर्टवर नव्हता, बाकी वेळ बेंचवर. सीझन संपवून घरी आला तेव्हा भाऊजी मला एकच गोष्ट विचारत होते, "याच्यात दम हाय का नाई थे सांगा, नाईतर रेल्वेच्या ट्रायलले पाठवतो." त्यांचं चुकीचं नाही. आपल्याकडं खेळाडूच्या घरात हाच हिशेब असतो, राज्य सरकारच्या नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा आहे, अन् वय एकदा निघून गेलं की ते दार बंद होते. मी मामा, माझा जीव त्याच्यात, मी सांगितलं असतं तर कोणी खरं मानलं नसतं अन् मलाही माझ्यावर भरोसा नव्हता. म्हणून बाहेरच्या माणसाकडून पाहून घ्यायचं ठरलं.

पॅकेज असं होतं: नागपूरला दोन दिवस, अंगाची मापं, उडी-धावण्याच्या टेस्ट, शूटिंग, आपण पाठवलेल्या तीन पूर्ण मॅचच्या व्हिडिओचा अभ्यास, सोळा पानांचा रिपोर्ट अन् त्यावर एक फोन. साडेआठ हजार. आठ महिन्यांच्या आत परत टेस्ट केली तर पाच हजार. यवतमाळवरून नागपूर दीडशे किलोमीटर, आम्ही आदल्या दिवशीच जाऊन राहिलो, मे महिना होता, उन्हाचं काही विचारू नका.

मापं घेण्याचं काम त्यांनी चोख केलं, ह्याचे पूर्ण मार्क. बूट काढून भिंतीला टाच लावून उंची, मग हात आडवे पसरून भिंतीवर खडूनं दोन्ही बोटांच्या टोकाशी खूण, खूण पुसून परत एकदा, दोन्ही वेळा सारखी आली तेव्हाच लिहिली. आपल्याकडं असोसिएशनच्या फॉर्मवर उंची बुटासकट अन् वरून दोन बोटं चढवून लिहितात. भाच्याची फॉर्मवर सहा फूट पाच होती, खरी निघाली १९२ सेंटीमीटर, म्हणजे सहा फूट साडेतीन. त्याचं तोंड उतरलं. पण हातांचा पसारा निघाला २०१, उंचीपेक्षा नऊ सेंटीमीटर जास्त. ज्या पोराचा हात लांब असतो तो उंचीपेक्षा मोठा खेळतो, कारण पास अडवायला, शॉटवर हात न्यायला, रिंगच्या दहा फुटाच्या जवळ पोचायला डोकं कामी येत नाही, बोटं येतात. हे माप मी त्याला लहानपणापासून पाहतो तरी कधी घेतलं नव्हतं, एवढं मात्र मी तिथं शिकलो.

नंतर उडी, लेनभोवती आडवं-उभं पळणं, पाऊण कोर्टची धाव. अमेरिकेत एनबीए, म्हणजे तिथली सर्वात मोठी बास्केटबॉल लीग, तिच्या ड्राफ्टआधी (टीमवाले नवीन खेळाडू नंबरानं निवडतात तो) कॅम्प असतो, तिथं घेतात त्याच धर्तीच्या टेस्ट. तिथपर्यंत ठीक. मग वजन उचलायला लावलं, बेंच प्रेस, साठ किलोची पट्टी, त्यानं चारदा उचलली अन् पाचवीला हात थरथरले. रिपोर्टमध्ये ह्याच्यासमोर लाल खूण. माझा ह्यावर आक्षेप तेव्हाही होता अन् आताही आहे. केविन ड्युरांट २००७ च्या ड्राफ्टआधीच्या टेस्टमध्ये १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो, एकदाही उचलू शकला नव्हता, तरी दुसऱ्या नंबरवर निवडला गेला अन् २०१४ मध्ये लीगचा सर्वात मोठा मान, एमव्हीपी, घेऊन गेला. वीस वर्षांच्या पोराच्या अंगात ताकद नसणं हा दोष नाही, ते काम बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ. ज्या पोरानं आयुष्यात जिम पाहिलं नाही, ज्याच्या घरी अंडी रोज परवडत नाहीत, त्याची ताकद दोन वर्षांत किती वाढेल हे पाहायचं सोडून आज किती आहे ते लाल पेनानं लिहायचं, हे बरोबर नाही.

शूटिंगच्या टेस्टबद्दल जास्त सांगतो कारण इथं बरेच जण फसतील. २५ फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, अन् ५० थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारायचा तीन पॉइंटचा शॉट. फ्री थ्रोत १७ पडले, रिपोर्टमध्ये लिहिलं ६८ टक्के, "सरासरी शूटर". आता फ्री थ्रो पाहणं बरोबरच आहे, उलट थ्रीपेक्षा तेच जास्त पाहावं. फ्री थ्रोला समोर कोणी हात घालत नाही, बोर्डपासून ४.६ मीटर अंतर कधी बदलत नाही, म्हणून हाताचं खरं वळण तिथं दिसते, अन् ज्याचा फ्री थ्रो चांगला त्याचा लांबचा शॉट पुढं सुधारायचा चान्स जास्त. ब्रूक लोपेझ घ्या ना, सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून त्यानं फक्त ३ थ्री पाडले होते, पण फ्री थ्रो कायम चांगला होता, अन् २०१६-१७ मध्ये लांबून मारायला लागला तर एकाच सीझनमध्ये १३४ पाडले. उलट्या बाजूनं बेन सिमन्स, २०१६ च्या ड्राफ्टचा पहिल्या नंबरचा पिक, उंची, वेग, पास सगळं देवानं दिलेलं, पण फ्री थ्रो साठ टक्क्यांच्या आसपास अडकला अन् लांबचा शॉट त्याच्याकडं कधी आलाच नाही.

पण २५ शॉटवर टक्केवारी काढायची? ज्या पोराचा हात सत्तर टक्क्यांचा आहे त्याचे आज १५ पडतील, उद्या २० पडतील, त्यात त्याची काहीच सुधारणा नसते का बिघाड नसतो, तो नुसता त्या दिवसाचा फरक. मी घरी आल्यावर वही केली. रोज शंभर फ्री थ्रो, आठवड्याचे सहा दिवस, एक पोरगा रिबाउंड करते अन् एक रेघा मारते. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी आली ६२. म्हणजे नागपूरची ६८ जराशी गोडच होती. हे आकडे पुढं कामी येतात, लक्षात ठेवा.

रिपोर्ट वीस दिवसांनी ईमेलवर आला अन् खरा राग तेव्हा आला. सोळाही पानं इंग्रजीत. मी कसाबसा वाचला, ताई अन् भाऊजींना एक ओळ कळली नाही, ज्यांनी पैसे दिले तेच. शेवटच्या पानावर "पोटेन्शियल ग्रेड: बी मायनस", त्याखाली "सीलिंग" अन् "फ्लोअर", म्हणजे जास्तीत जास्त कुठपर्यंत जाईल अन् काहीच जमलं नाही तर कुठं थांबेल, अन् त्याखाली एका एनबीए खेळाडूशी तुलना, ती पण नुसत्या उंची-वजनावरून. त्यात एक वाक्य होतं की ह्या पोझिशनसाठी उंची साधारण असल्यानं वाढीला जागा कमी.

बाप्पा, उंचीवरून वाढ ठरते काय? आमच्या भागात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढलेली पाहिली की नवीन माणूस खूष होते, अन् जुना माणूस पहिले वाकून पात्या अन् बोंडं मोजते, कारण नुसता युरिया खाऊन वर गेलेली पऱ्हाटी त्यानं पाहिलेली असते. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर अँथनी बेनेट गेला, तयार अंग, ताकद. पंधराव्या नंबरवर गेला ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणारा अठरा वर्षांचा काडीसारखा पोरगा, यानिस अँटेटोकुन्म्पो, पहिल्या सीझनची सरासरी ६.८ पॉइंट. बेनेट चार सीझनमध्ये लीगच्या बाहेर झाला अन् यानिसनं २०१९, २०२० असे दोनदा एमव्हीपी घेऊन २०२१ मध्ये आपल्या टीमला, मिलवॉकीला, चॅम्पियन केलं. अन् आपल्याच देशातला सतनाम सिंग पाहा, पंजाबच्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये एनबीएच्या डॅलस टीमनं ५२ व्या नंबरवर घेतला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय, आम्ही गावात त्या दिवशी पोरांना जिलेबी वाटली होती. उंची त्याच्याइतकी किती जणांकडं होती? तरी एनबीएच्या मॅचमध्ये तो कधी उतरू शकला नाही. मी त्याला कमी म्हणत नाही, त्या गावातून तिथपर्यंत जाणं हीच केवढी गोष्ट आहे, पण दम उंचीनं मोजला जात नाही हे तेव्हाच कळलं होतं.

मी फोनवर चिडूनच बोललो. तिकडून बोलणारा त्यांचा व्हिडिओ पाहणारा ॲनालिस्ट होता, हिंदीत बोलत होता, माणूस शांत, माझं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाला, "सर, ग्रेड छोड़िए, एक क्लिप भेजता हूँ, लड़के के साथ बैठ के देखिए." हीच क्लिप त्या साडेआठ हजारातली कामाची गोष्ट.

अकरा सेकंदांची क्लिप. आपली टीम डिफेन्समध्ये. बॉल समोरच्या बाजूला, भाचा ह्या बाजूला, म्हणजे बॉलपासून लांब, वीक साइडला उभा. पिक अँड रोल सुरू होतो, म्हणजे त्यांचा एक जण आडवा उभा राहून बॉलवाल्याला मोकळं करते अन् मग स्वतः रिंगकडं पळते, त्यांचा मोठा माणूस रिंगकडं सुटतो, त्याला अडवायला भाच्यानं एक पाऊल आत यायला पाहिजे. तो येत नाही. का येत नाही ते ॲनालिस्टनं थांबवून दाखवलं: त्याची मान. मान पूर्ण बॉलकडं, छाती पण बॉलकडं, ह्याचा स्वतःचा माणूस पाठीमागून बेसलाइनवरून निघून गेला ते पण त्याला माहीत नाही अन् रिंगकडं सुटलेला पण दिसला नाही. दोन पॉइंट आरामात. तीन मॅचमध्ये अशा ३८ जागा काढल्या होत्या अन् २३ ठिकाणी मान तशीच. मी त्याला दहा वर्षं शिकवून राहिलो, मला हे दिसलं नाही, कारण मी पण बॉलच पाहत होतो. अन् प्रो टीमचा कोच त्याला बेंचवर का बसवत होता ते त्या अकरा सेकंदांत कळलं, हात लांब असून उपयोग काय, हात जागेवर वेळेवर पोचायला पाहिजे ना.

ॲनालिस्टनं तीनच कामं दिली: मान फिरवत राहायची, बॉल-माणूस-बॉल, शॉट मारताना कोपर बाहेर जाते ते आत, अन् डाव्या हातानं रिंगकडं जाणं. म्हणाला हे आठ महिने करू द्या, मग पाहू. क्वाय लेनर्डचं उदाहरण दिलं, कॉलेजमध्ये लांबून चारपैकी एक पडायचा, २०११ मध्ये पंधराव्या नंबरवर निवडला गेला अन् स्पर्स टीमनं त्याला ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, घेतला, त्यांचे शूटिंग कोच चिप एंगलँड यांनी बॉल सोडायची जागा बदलवली अन् पहिल्याच सीझनमध्ये थ्री ३७ टक्क्यांच्या वर गेला. तो म्हणाला, हात सुधारला ही एक गोष्ट झाली, पण पोरगा सांगितलेलं ऐकून बदलतो का, हे टीमवाले जास्त पाहतात.

जूनमध्ये पाऊस लागला अन् कोर्टवर पाणी. सीझन नसला की जिनिंग रिकामं असते, मालक ओळखीचे, त्यांच्या शेडमधली कापूस टाकायची जागा मोकळी होती, तिथं पोट्ट्यांनी झाडून घेतलं. पत्र्यावर पाऊस अन् खाली बॉलचा आवाज, दोन माणसं बोलली तरी ऐकू येत नव्हतं, म्हणून मी हातानं खूण करायचो अन् त्यानं मान फिरवायची. मी मागं उभा राहून बोटं दाखवायचो, बॉल पकडतानाच त्यानं ओरडून सांगायचं किती. पहिल्या आठवड्यात सारखा बॉल तोंडावर खाल्ला. एक दिवस चिडून बसला, "मामा, हे मले नाई जमत, कायले करून राहिलो आपण?" मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी शेडमध्ये हजर होता. हे कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही अन् माझ्या मते अर्धा दम इथंच कळते.

जानेवारीत दुसरी टेस्ट. आता आकडे पाहा. फ्री थ्रो २५ पैकी १८, म्हणजे ६८ वरून ७२, त्यांच्या रिपोर्टनुसार "किंचित सुधारणा". अन् माझ्या वहीत ६२ वरून ७७! शंभर-शंभरचे आठ महिने कुठं अन् पंचवीस शॉट कुठं. वही ॲनालिस्टला दाखवली तर त्यानं फोटो काढून घेतले अन् स्वतःहून रिपोर्टमध्ये जोडली, हे मला आवडलं. साठ किलो चारचे अकरा झाले, नुसते जोर-बैठका अन् शेतातली पोती. पहिल्या रिपोर्टची लाल खूण तिथंच पुसली गेली.

पण खरी गोष्ट म्हणजे त्यांनी मे अन् जानेवारी, दोन्ही टेस्टसाठी आम्ही दिलेल्या मॅचच्या क्लिप शेजारी-शेजारी लावून पाठवल्या, तोच पिक अँड रोल, तीच वीक साइड. डिसेंबरच्या मॅचमध्ये मान दोनदा फिरते, पाऊल आत पडते, लांब हात वर, त्यांच्या मोठ्या माणसाचा पास बोटाला लागून बाहेर. २३ चुकांच्या जागी ह्या वेळी ९. ताईला इंग्रजी रिपोर्ट वाचता आला नव्हता, तिनं मोबाईलवर ह्या दोन क्लिप चार-चार वेळा पाहिल्या अन् म्हणे, "पह्यले हा नुसता बॉलकडं पाहे, आता मान फिरवते." तिनं आयुष्यात बास्केटबॉल खेळला नाही. सोळा पानांत जे नव्हतं ते तिला दिसलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पहिली टेस्ट एकटी घेऊच नका, ती निम्मीच वस्तू आहे. आज पोरगा कुठं आहे हे तर टीमच्या कोचला फुकटात माहीत असते. आठ महिन्यांत किती सरकला अन् सांगितलेल्यातलं किती उचललं, हे दोन तारखा असल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. कंपनीनं दोन टेस्ट मिळूनच पॅकेज विकायला पाहिजे, अन् पहिल्या रिपोर्टमध्ये ग्रेड द्यायलाच नको. वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात "बी मायनस" बसले की महिनाभर निघत नाही, मी घरात पाहिलं आहे.

अजून दोन गोष्टी कमी पडतात. एक, उशिरा वाढणारी पोरं. भाचा पंधराव्या वर्षी पाच फूट सात होता, गार्ड, म्हणजे बॉल घेऊन पुढं येणारा, खेळायचा, म्हणून बॉल हाताळणं त्याचं चांगलं आहे. सब-ज्युनियरमध्ये ज्यांना आधी मिशा फुटल्या ते सगळ्यांना उडवत होते अन् आता तेच जागच्या जागी आहेत. अँथनी डेव्हिस पण शाळेत गार्ड होता, मग भराभरा वाढला अन् २०१२ चा पहिला पिक झाला. पोरगा कधी वाढला हे फॉर्मवर विचारायचं फक्त एक ओळीचं काम आहे, ते विचारलं नाही. दुसरं, मिनिटं. यानिस पहिल्या वर्षी हरणाऱ्या टीममध्ये होता, त्या सीझनला मिलवॉकी ८२ पैकी १५ मॅच जिंकली, म्हणून त्याला चुका करत करत दर मॅचला चोवीस-पंचवीस मिनिटं खेळता आलं. आपल्या पोराला कोणती टीम किती खेळवेल हे न पाहता त्याचा दम सांगणं म्हणजे पाणी किती भेटेल हे न विचारता पिकाचा अंदाज सांगणं. दुसऱ्या फोनवर मी हे बोललो, त्यांनी ऐकून घेतलं.

भाऊजींचं काय झालं ते पण विचाराल. भाच्यानं रेल्वेच्या ट्रायलचा फॉर्म भरला अन् जुन्या टीमनं परत बोलावलं तेव्हा क्लिप पण पाठवल्या, अन् कोचला स्वतः विचारलं की मला दुसऱ्या युनिटमध्ये, म्हणजे पहिले पाच बाहेर बसले की उतरतात त्यांच्यात, खेळवणार का. कोच हो म्हणाला, लेखी नाही पण म्हणाला. भाऊजी क्लिप पाहून म्हणे, "एक सीझन अजून जाऊ द्या."

जाणार असाल तर: उन्हाळ्यात सकाळची बॅच मागून घ्या, दुपारी त्या हॉलमध्ये पोरगा शूटिंगच्या टेस्टला येईपर्यंत अर्धा झालेला असते. मॅचचा व्हिडिओ बॉलमागं फिरवत काढू नका, मोबाईल उंचावर एका जागी बांधा अन् अर्धा कोर्ट पूर्ण दिसू द्या, आम्ही बांबूला बांधला होता, वीक साइड त्याच्यामुळंच सापडली. रिपोर्ट मराठीत मागा, हिंदीत तरी मागा, आम्ही दुसऱ्या वेळी मागितला तर शेवटची दोन पानं हिंदीत करून दिली. अन् निघायच्या आधी एक वही करून पंधरा दिवसांचे फ्री थ्रो लिहून न्या, त्यांच्या पंचवीसपेक्षा ते कामाचे.